अजनी शेडचा नंदी : दुरुस्तीच्या नोंदी

२१ एप्रिल २०२४

एका जुन्या लाकडी नंदीच्या दुरुस्तीचे काम आजपासून हाती घेतले असून, असेच काम करू पाहणाऱ्या इतरांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवीत आहे. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी एवढे सांगतो की, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलांचा तान्हा पोळा भरतो. मुले चाकांवरचे लाकडी बैल सजवून मैदानात आणतात आणि मग घरोघरी फिरून बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, गोळा करतात. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांच्या काळात नागपुरात ही प्रथा सुरू झाल्याचे सांगितले जाते. यंदा तान्हा पोळा ३ सप्टेंबरला आहे, तेव्हा तीच कामाची मुदत धरली आहे.

नंदी माझ्या भाच्याचा आहे. गेल्या ऑक्टोबरमध्ये डेंग्यूने तो गेला, तेव्हा वीस वर्षांचा होता. मेहुणे जूनमध्ये रेल्वेतून निवृत्त होत असल्यामुळे नागपुरातील अजनीचे क्वार्टर रिकामे करणे चालू आहे आणि त्या आवराआवरीत कूलरच्या मागे, जुन्या ताट्यांच्या ढिगाखाली हा नंदी निघाला. तो फेकायचा नाही आणि माझ्या डोळ्यांसमोरही ठेवायचा नाही, असे बहिणीने एकाच दमात सांगितल्यामुळे तो नंदनवनला माझ्या घरी आला.

शिंगांसकट उंची सुमारे दीड फूट आहे. धड आणि मान सागवानाच्या एकाच ओंडक्यातून कोरलेली असून पाय, कान आणि शिंगे वेगळी करून बसवली आहेत. खालचा पाट आंब्याच्या लाकडाचा आहे. डावा कान नाही, उजवे शिंग मुळातून हलते, पोटाखाली उभी भेग आहे आणि चारपैकी दोन चाके गहाळ आहेत. दोन्ही कुशींवर ऑइल पेंटने ‘अजनी’ असे लिहिले असून त्याखाली ‘वॅग-९’ असे, म्हणजे मालगाडीच्या विजेवरील इंजिनाच्या एका प्रकाराचे नाव, आहे. रेल्वे इंजिनावर ते कोणत्या शेडचे, म्हणजे देखभालीच्या कोणत्या ठिकाणचे, आहे हे रंगवलेले असते; क्वार्टरच्या गच्चीवरून दिवसभर मालगाड्या पाहणाऱ्या या मुलाने आपला बैलही अजनी शेडला जोडून टाकला होता. उजव्या कुशीवर जागेचा अंदाज चुकल्याने ‘नी’ शेपटीला जाऊन भिडला आहे. मैदानात इतर मुले झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणत असताना हा तोंडाने हॉर्न वाजवीत नंदी ओढायचा आणि पुढच्या मुलाने बाजूला व्हावे अशी त्याची रास्त अपेक्षा असायची.

कामाला हात घालण्यापूर्वी एकच नियम ठरवला आहे. मोडलेले, सडलेले आणि किडीने खाल्लेले असेल ते दुरुस्त करायचे. भाच्याने केलेल्या कशालाही हात लावायचा नाही. मी आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड शिकवीत असे, त्यामुळे लोखंडाची सवय आहे, लाकडाची नाही, हेही येथे नोंदवून ठेवतो.

२८ एप्रिल

पहिले काम तपासणीचे. उधळी (वाळवी) आणि भुंगेरा यांतला फरक आधी ओळखावा, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. उधळी लागली असेल तर मातीच्या नळ्या दिसतात. भुंगेरा लागला असेल तर लाकडावर टाचणीने पाडल्यासारखी गोल छिद्रे दिसतात आणि त्यांतून मैद्यासारखी बारीक भुकटी गळते. आमच्या पाटाला दुसरा आजार आहे. सागवानाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, परंतु आंब्याचे लाकूड तिला फार आवडते. शिवाय कूलरच्या ओलीने पाटाची मागची कड इतकी सडली होती की टोचा सहज आत गेला.

भुकटी जुनी की ताजी हे कळण्यासाठी पाट नीट झटकून काळ्या कागदावर ठेवला. झटकल्याशिवाय ठेवू नये; वस्तू हलवताना जुनी भुकटीही पडते आणि कीड जिवंत असल्याचा भ्रम होतो.

पाट काढून नवा टाकावा, असे सरळ गणित होते. परंतु तो उलटा केला तेव्हा खाली बॉलपेनने मांडलेला बोजाऱ्याचा हिशेब दिसला. २०११ – ६४ रुपये. २०१२ – ११०. २०१३ – ९५, आणि त्यापुढे ‘मामा बाकी २०’. त्यानंतर ओळी नाहीत, कारण पुढच्या वर्षी त्याला सायकल मिळाली होती. मी त्या वर्षी वीस रुपये का दिले नाहीत हे मला आठवत नाही. फोनवर बहिणीला वाचून दाखवले, तर ती म्हणाली, “मंग देऊन टाक नं आता.” या कामाच्या खर्चात ती रक्कम धरलेली नाही.

पाट आता टाकता येणार नाही. दुरुस्तीचा सगळा आराखडा यामुळे बदलावा लागेल.

५ मे

आज फक्त छायाचित्रे घेतली आणि अक्षरांवर ट्रेसिंग पेपर ठेवून दोन्ही कुशींची नक्कल काढली. छायाचित्र घेताना शेजारी पट्टी ठेवावी आणि प्रकाश एका बाजूने तिरपा पडेल असे पाहावे. समोरून फ्लॅश मारल्यास रंगाचे पोपडे आणि ओरखडे दिसतच नाहीत. काम कंटाळवाणे आहे. (नंतरची भर : पुढच्या आठवड्यातच त्याचे मोल कळले.)

१२ मे

कान आणि शिंग ही कोरीव कामे माझ्या आवाक्याबाहेरची असल्यामुळे नंदी एका सुताराकडे दिला होता. कान त्याने उत्तम केला. शिंगाची खुंटीही नवी बसवली. मात्र नंदी परत घेतला तेव्हा डावी कूस कोरी होती. “साहेब, रंग लय घाण झाला होता, मशीन मारून साफ करून टाकला. त्याचे पैसे नका देऊ,” असे तो आनंदाने म्हणाला. सँडरच्या पट्ट्याखाली डावीकडचे ‘वॅग-९’ पूर्ण गेले होते आणि ‘अजनी’मधला फक्त ‘अ’ अर्धा उरला होता.

त्याला काय बोलणार? अक्षरे तशीच ठेवायची हे मी फोनवर सांगितले होते, लाकडावर काहीच खूण केलेली नव्हती, आणि दुकानात फोन घेणारा माणूस वेगळा व मशीन चालवणारा वेगळा असतो. ठरलेले सातशे रुपये देऊन नंदी घरी आणला. असे काम बाहेर देणाऱ्यांनी जपायच्या भागावर आधी कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर ठळक अक्षरांत ‘हात लावू नये’ असे लिहावे. त्याहून बरे म्हणजे पूर्ण वस्तू देऊच नये. उजव्या कानाचे माप आणि कागदावरची आकृती एवढ्यावर डावा कान करून मिळाला असता.

बहिणीला अजून कळवलेले नाही.

१९ मे

सँडरने कुशीच्या कडेला रंग तिरका कापला गेल्यामुळे तेथे सगळे थर एकाखाली एक उघडे पडले आहेत. भिंग लावून पाहिले. सर्वांत आत बाजारातल्या नव्या नंदीचा पांढरा रंग, त्यावर निळा, त्यावर हिरवा, पुन्हा पांढरा, मग मालगाडीच्या इंजिनाचा गडद हिरवा आणि सर्वांत वर मळकट झालेला क्रीम. गडद हिरव्या थरावर पिवळ्या रंगाचा एक तुकडा दिसतो, त्याचा आकार मोठ्या ‘ज’च्या पोटासारखा आहे. म्हणजे आत्ता गेलेल्या ‘अजनी’च्या खाली आणखी एक ‘अजनी’ होते आणि ते त्याने स्वतःच क्रीम रंगाखाली बुजवले होते. दर पोळ्याला नवा रंग द्यायचा ही त्याची पद्धत होती, हे मला माहीत असायला हवे होते. माझ्याच घरून तो उरलेल्या रंगाचे डबे घेऊन जायचा आणि झाकण नीट न लावता परत आणायचा. ‘त्याने केलेल्या कशालाही हात लावायचा नाही’ या नियमात याची तरतूद नव्हती.

जुन्या रंगाबाबत एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. घरगुती रंगांमधील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसे कितीतरी अधिक असू शकते आणि लहान मुलांना ते फार घातक असते. म्हणून असा रंग कोरडा घासू नये. वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासावा, तोंडाला मास्क लावावा, खाली वर्तमानपत्र अंथरावे आणि निघालेला लगदा त्यातच गुंडाळून टाकावा. घरात पाच वर्षांची नात असल्यामुळे हे काम गच्चीवर केले आणि ती खाली झोपलेली असतानाच केले. नवा रंग घेताना डब्यावर शिशाबाबतचा उल्लेख वाचून घ्यावा.

पोटाखालची भेग इपॉक्सी पुट्टीने भरली. पुट्टी वाळल्यावर दगडासारखी टणक झाली, काम सुबक दिसते आहे.

१ जून

पाटातली कीड मारण्यासाठी उष्णतेचा प्रयोग केला. परदेशी पाठवायच्या लाकडी खोक्यांसाठी जो आंतरराष्ट्रीय दंडक आहे, त्यात लाकडाच्या गाभ्याचे तापमान ५६ अंश सेल्सियसवर सलग ३० मिनिटे राहावे लागते. नागपूरच्या नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, यासाठी भट्टीची गरज पडत नाही. पाट काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळला, हिशेबाची बाजू खाली केली कारण बॉलपेनची शाई उन्हाने उडते, आणि सडलेल्या कडेला बारीक छिद्र पाडून त्यात तारेचा तापमापक सोडला. पत्र्यावर ठेवल्यानंतर दुपारी गाभ्यातला आकडा ५६ ओलांडून वर गेला आणि तासाभराहून अधिक तेथेच राहिला. योगायोग असा की, ३० मे रोजी शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली होती आणि देशभर तिची चर्चा झाली. पुढे तो संवेदकातील दोष असल्याचे हवामान खात्याने सांगितले. माझा तापमापक मी उकळत्या पाण्यात आणि बर्फात तपासून घेतला होता.

हा उपाय रंगवलेल्या भागावर करू नये. रंगाला फोड येतात आणि जाड लाकूड तडकते. धडावर पायांच्या सांध्याजवळ, जेथे सागवानाचा बाहेरचा फिकट भाग आला आहे, तेथे काही छिद्रे आहेत. त्यांत बोरिक अ‍ॅसिड आणि बोरॅक्स यांचे कोमट पाण्यातले द्रावण इंजेक्शनच्या सिरिंजने सोडले. कोऱ्या पाटावर तेच द्रावण ब्रशने, प्रत्येक हात वाळू देऊन, पुन्हा पुन्हा दिले, मात्र शाईच्या बाजूला अजिबात लावले नाही. दोन्ही पावडरी मिळून अडीचशे रुपयांत आल्या.

१६ जून

लकडगंजमधून सागवानाचे कटपीस आणले. नऊशे रुपये लागले. पूर्ण फळी घेतली असती तर बरेच अधिक लागले असते, त्यामुळे लहान कामासाठी आधी तुकड्यांचा ढीग धुंडाळावा. त्यातून नवा पाट केला. जुन्या पाटाची सडलेली कड कापली, हिशेब असलेला मधला भाग शाबूत ठेवला आणि तो नव्या पाटाच्या खालच्या अंगाला चार स्क्रूंनी घट्ट बसवला. आता वजन नवा पाट पेलतो आणि जुना फक्त त्याला धरून राहतो.

चाकांवर बराच विचार केला. फिटर माणसाला बेरिंग घालण्याचा मोह होणारच, आणि स्केटिंगच्या चाकांतली लहान बेरिंगे घरात पडलेलीही होती. जोडून पाहिले तेव्हा अंगणाच्या थोड्याशा उतारावर नंदी नातीच्या पुढे धावत सुटला आणि तिच्या टाचेवर आदळला. लाकडी चाक आणि साधा आस यांच्यातले घर्षण हाच या गाडीचा ब्रेक आहे. मग सागवानाची दोन चाके लेथवर करून घेतली, सहाशे रुपये लागले. आसासाठी आठ मिलिमीटरचा गज वापरून टोकाला छिद्र पाडून खिळीची व्यवस्था केली. जुनी दोन चाके मागे, नवी दोन पुढे लावली, म्हणजे ओढताना पुढे येणारा झटका नवे लाकूड सोसेल.

या कामात १०-११चा पाना लागला. तो वर्षभरापासून सापडत नव्हता. बहिणीने क्वार्टरमधून पाठवलेल्या भाच्याच्या हत्यारांच्या डब्यात तो मिळाला, सोबत माझा एक स्क्रू-ड्रायव्हर आणि फिलर गेजही. मेकॅनिकल डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला दोन विषय राहिले होते, ते काढून द्यायचे म्हणून तो माझ्याकडे यायचा आणि जाताना काही ना काही नेऊन ठेवायचा. फिलर गेजच्या पात्यांना त्याने तेल लावून ठेवले होते, जे मी कधी केले नव्हते.

१४ जुलै

पाऊस लागून राहिला आहे आणि मे-जूनमधली दोन कामे वाया गेली आहेत.

पहिले म्हणजे पोटाची भेग. ती मी मे महिन्यात, लाकूड वर्षातले सर्वांत कोरडे असताना, टणक पुट्टीने काठोकाठ भरली होती. पावसाळी दमट हवेत लाकूड फुगून भेग मिटायला निघाली आणि आत जागा नसल्यामुळे पुट्टी कड्यासारखी बाहेर ढकलली गेली. शेजारी केसाएवढी नवी चीर दिसू लागली. पुट्टी पटाशीने कोरून काढायला पूर्ण रविवार गेला. आता भेगेत सागवानाची पातळ पाचर बसवली आहे आणि तिला फक्त एकाच बाजूने फेव्हिकॉल लावला आहे. दुसरी बाजू मोकळी असल्याने लाकूड फुगले तरी पाचर सरकते, आणि आटले तर बारीक फट दिसेल, ती दिसू द्यावी.

दुसरे म्हणजे जुना पाट. चार कोपऱ्यांना चार स्क्रू ही लोखंडी प्लेट बसवण्याची रीत झाली. लाकूड रेषांच्या लांबीत जवळजवळ वाढत नाही, परंतु रुंदीत वाढते, आणि आंब्याचे तर अधिकच. पाट मधून उचलला गेला आणि एका स्क्रूपाशी चीर पडून ती २०१२च्या ओळीपर्यंत गेली. स्क्रू सैल करताच पाट खाली बसला. मधला एक स्क्रू घट्ट ठेवून बाकीच्यांची छिद्रे रुंदीच्या दिशेने लांबट केली आणि वर वॉशर घालून ते हलके आवळले. चीर आता वाढत नाही. ती भरणार नाही, कारण भरायला गेलो तर ‘११०’मधला शून्य झाकला जाईल.

काळ्या कागदावर पाटाखाली काही नाही. पुढच्या उजव्या पायाखाली मात्र ताजी भुकटी आहे. पुन्हा सिरिंज.

४ ऑगस्ट

नवा कान, पाटाची बाजू आणि चाके यांना चपडी लाखेचे पॉलिश दिले. लाख आणि स्पिरिट मिळून साडेचारशे रुपये. पावसाळ्यात हे काम करू नये असे सगळेच सांगतात आणि ते खरे आहे. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि पॉलिश पांढरट पडते. मुदत जवळ आल्यामुळे मला थांबता येत नव्हते. ऊन पडलेल्या दुपारी, बंद खोलीत शंभरचा पिवळा बल्ब जवळ लावून, अत्यंत पातळ हात दिले तेव्हा पांढरेपणा आला नाही. आधी पांढरा पडलेला भाग स्पिरिटचा फडका हलकेच फिरवल्यावर बराचसा उतरला.

१८ ऑगस्ट

बहीण आणि मेहुणे आले होते. डाव्या कुशीचे सांगणे भाग होते. ती कोऱ्या लाकडावर हात फिरवीत बराच वेळ बसली. मी ट्रेसिंग पेपर काढून दाखवला आणि हुबेहूब अक्षरे पुन्हा उतरवता येतील, परंतु माझ्या मते तसे करू नये, ती नक्कल होईल, त्यापेक्षा जागा कोरीच राहू द्यावी, असे सांगितले. त्यावर ती म्हणाली, “तो तं दरवर्षी सारा रंग पुसून नवा मारे. तूच कायले इतका जपून रायला, दादा? कोरा नंदी कोणी नेते का पोळ्यात?” मग कडेचे थर मी तिला भिंगातून दाखवले. निळा कोणत्या वर्षीचा हे तिने लगेच सांगितले. खिडकीच्या ग्रिलसाठी आणलेला तो रंग होता आणि ग्रिल त्या वर्षी अर्धेच रंगले होते.

दुसरा प्रश्न सणाचा होता. वर्ष पूर्ण व्हायचे असल्यामुळे त्यांच्या घरी यंदा कोणताही सण नाही आणि मेहुण्यांच्या आईंचा त्याबाबत आग्रह आहे, जो योग्यच आहे. नंदी काढायचाच तर पुढच्या वर्षी काढावा, असे मेहुण्यांचेही मत होते. वडीलधाऱ्यांशी बोलून शेवटी असे ठरले की, वर्षभर सण न करण्याची रीत त्यांच्या घराला आहे, मामाच्या घराला नाही. नंदी माझ्या घरून निघेल आणि माझी नात तो ओढेल. बहीण येणार नाही.

उजवी कूस आहे तशी राहील, त्यावर फक्त कोमट पाण्याचा पिळलेला फडका फिरवायचा. डाव्या कुशीवर प्राइमर देऊन ती नातीच्या हवाली करायची, हे बहिणीने सांगितले. मी अजूनही पूर्ण सहमत नाही, पण हा नंदी माझा नाही.

१ सप्टेंबर

रंगाचे लहान डबे आणि ब्रश यांना पाचशे वीस रुपये लागले. प्राइमर वाळायला पावसाळ्यात डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ धरावा.

नातीने डाव्या कुशीवर मांजर काढले. नंदीवर मांजर कशासाठी, असे विचारल्यावर “त्याला तिकडं एकटं वाटंल” असे उत्तर आले. तिकडे म्हणजे कुठे, हे तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मांजराचे पाय पाच झाले आहेत, पाचवा बहुधा शेपूट आहे.

झूल, गोंडे, घुंगरांची माळ आणि कासरा इतवारीतून साडेतीनशे रुपयांत आणले. हे काम आठवडाभर आधी उरकावे. पोळ्याच्या तोंडावर तेथे पाय ठेवायला जागा नसते, आणि यंदा गणेश चतुर्थी ७ तारखेलाच असल्यामुळे चितारओळीत, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीत, कोणाला दहा मिनिटे रंगाचा सल्ला विचारायचीही सोय नव्हती. बाशिंग विकत घेतलेले नाही. जुने पुठ्ठ्याचे होते, त्याची चमकी उडाली असली तरी तेच बांधले.

३ सप्टेंबर

सकाळी मारबत, म्हणजे वाईट प्रवृत्तींच्या पुतळ्यांची मिरवणूक, असल्याने महाल, इतवारीकडचे रस्ते बंद होते आणि शेवटच्या क्षणी काही आणायचे ठरले असते तर आणता आले नसते. काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक पाहायला मी दरवर्षी जातो, यंदा गेलो नाही, आसाच्या खिळ्या तपासत बसलो.

संध्याकाळी मैदानात नंदी व्यवस्थित चालला. ओल्या मातीत लाकडी चाके रुततात म्हणून नातीला कडेच्या सिमेंटवरून ओढायला सांगितले होते, तिने अर्थातच ऐकले नाही. अर्ध्या फेरीत पुढच्या डाव्या चाकाची खिळी चिखलात पडली आणि चाक निसटले. खिशात दुसरी खिळी नव्हती. मैदानाच्या कुंपणापाशी मेहुणे उभे होते, ते आल्याचे मला ठाऊकच नव्हते. त्यांनी कुंपणाच्या तारेचा लोंबणारा तुकडा वाकवून तोडला, उकिडवे बसून तो छिद्रातून ओवला आणि दोन्ही टोके पिळली. “स्प्लिट पिन टाका भाऊ, ही खिळी नाही टिकायची,” एवढे बोलून ते पुन्हा कुंपणापाशी जाऊन उभे राहिले. शेडमध्ये पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाचा सल्ला आहे, तेव्हा असे काम करणाऱ्यांनी पहिल्यापासून स्प्लिट पिनच वापरावी.

परीक्षकांनी मांजराबद्दल विचारले. उजव्या बाजूचे ‘अजनी’ वाचून त्यांच्यातले एक जण, नंदी अजनीहून आला का, असे म्हणाले. नातीने “हो, इंजिन आहे” असे उत्तर दिले. हे तिला बहिणीने सांगितले असावे. बक्षीस मिळाले नाही. बोजाऱ्याचे एकशे पंचेचाळीस रुपये झाले, त्यांतले वीस माझे.

८ सप्टेंबर

एकूण खर्च तीन हजार सातशे सत्तर रुपये झाला. त्यात सुतार, लाकूड, चाके, कीडनाशक पावडरी, लाख, रंग आणि सजावट आले. एवढ्या आकाराचा साधा नवा नंदी याहून कमी पैशांत मिळतो, त्यामुळे बचतीसाठी कोणी हे काम करू नये. वेळ एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंतचे बहुतेक रविवार. पुन्हा करायचे झाल्यास भेग आणि पाट यांचे काम मी पावसाळ्यात, लाकूड फुगलेले असताना मोजमाप घेऊन करीन आणि पॉलिश दिवाळीनंतर देईन.

नंदी ठेवताना झूल आणि गोंडे काढून वेगळे ठेवले, कारण कापडात ओल टिकते. चाकांना लागलेला चिखल ओला असतानाच धुतला असता तर बरे झाले असते. वाळल्यावर तो खरवडताना पॉलिश निघाले. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले नाही, सुती चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवला आहे. कूलर त्या खोलीत नाही, आणि आमच्याकडचा कूलरही आता आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून, टाकी घासून, वाळवूनच भरला जातो.

चारही चाकांना स्प्लिट पिना बसवल्या. खाली काळा कागद आहे, उजव्या पायापाशी अजून भुकटी दिसलेली नाही. वर्षश्राद्धानंतर नंदी बहिणीच्या नव्या फ्लॅटवर न्यायचा की येथेच राहू द्यायचा, हे तिने ठरवलेले नाही. काल तिचा फोन आला होता, तो मांजराला मिशा का नाहीत, हे विचारण्यासाठी.